तिशीनंतर दातांच्या डॉक्टरकीकडे : न्यूयॉर्क परिसरात प्री-डेंटल करू इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो. पदवी कॉमर्सची किंवा इंजिनिअरिंगची, मधली काही वर्षं नोकरीत किंवा एच-४ वर (जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर) घर सांभाळण्यात गेलेली, आणि तिशी ओलांडल्यावर वाटायला लागतं की आपल्याला डेंटिस्ट व्हायचंय. त्यात न्यूयॉर्कला जायचं घाटत असतं. जोडीदाराची नोकरी तिकडे असते, नाहीतर डेंटल कॉलेजं तिकडे जास्त म्हणून आपणच मनाची तयारी केलेली असते. मी बँकेतली नोकरी सोडून याच वाटेने गेले, आज न्यू जर्सीत दवाखाना चालवते, आणि मंडळाच्या कार्यक्रमांत जी मुलं-मुली विचारायला येतात त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : या प्रवासाचं वेळापत्रक आपली हौस किंवा घाई ठरवत नाही. ते दोन गोष्टी ठरवतात. एक, केमिस्ट्रीच्या कोर्सची साखळी, जी मधूनच उडी मारून पार करता येत नाही. दुसरी, रहिवासाचे बारा महिने, जे भरल्याशिवाय सरकारी कॉलेजची फी खाली येत नाही. ही दोन गणितं कागदावर मांडल्याशिवाय महागड्या शहरात सामान हलवू नका.

भारतात बीडीएस केलेल्यांची वाट मात्र वेगळी आहे. त्यांनी आयएनबीडीई ही परीक्षा द्यायची, कापिड नावाच्या एकत्रित अर्जातून अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगच्या (परदेशात डेंटिस्ट झालेल्यांना मधल्या वर्षात प्रवेश देणाऱ्या) जागांसाठी अर्ज करायचा, आणि तिथे दोन-तीन वर्षं शिकून इथली पदवी घ्यायची. त्यांनी प्री-डेंटलचे, म्हणजे डेंटल कॉलेजात जाण्याआधी करावे लागणारे, विषय पहिल्यापासून करत बसण्याची गरज नाही. कोणी तसा सल्ला दिला तर तो बाजूला ठेवा.

आधी दवाखान्यात बसून बघा

हे काम आजच, आहात त्या गावात सुरू होतं आणि त्याला पैसा लागत नाही. याला शॅडोइंग म्हणतात. ओळखीच्या किंवा अनोळखी डेंटिस्टला फोन करायचा, आपण कोण ते दोन वाक्यांत सांगायचं आणि आठवड्यातून एक सकाळ मागे उभं राहून बघायची परवानगी मागायची. दहा जणांना विचारलं की दोघं-तिघं हो म्हणतात. शंभर तासांच्या आसपास धरून चाला. कॉलेजागणिक आकडा बदलतो, पण शंभर तास असले की बहुतेक ठिकाणी कमीपणा येत नाही. त्यातले काही तास स्पेशालिस्टकडे, म्हणजे लहान मुलांच्या किंवा हिरड्यांच्या डॉक्टरकडे, घालवता आले तर उत्तम. तारीख, तास, डॉक्टरांचं नाव आणि त्या दिवशी काय पाहिलं याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. अर्जात हे सगळं भरावं लागतं.

तिथे काय बघायचं? दाढेतलं साधं फिलिंग घ्या. हिरडीत इंजेक्शन देतात. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, म्हणजे लाळ आत शिरत नाही. शेजारच्या दाताला धक्का न लावता कीड पोखरून काढायची, धातूची पातळ पट्टी दाढेला गुंडाळायची, थराथराने फिलिंग भरायचं आणि प्रत्येक थर निळ्या दिव्याखाली पक्का करायचा. वरच्या दाढेत हे बरंचसं काम आरशात बघून, उलटं दिसत असताना करायचं असतं. हे पाहताना हात शिवशिवत असतील तर पुढे वाचा. कंटाळा येत असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण अजून एक डॉलरही खर्च झालेला नाही.

मी ज्यांच्याकडे बसायचे त्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “अगं, माझ्या हाताकडे काय बघतेस, पेशंटच्या पायाकडे बघ. दुखलं की आधी पायाची बोटं आवळतात.” हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत आणि मुलाखतीत असलंच काहीतरी सांगता आलं तर समोरचे कान टवकारतात.

एच-४ वर असलेल्यांनी एक काळजी घ्यायची. शॅडोइंग म्हणजे बघणं. रिसेप्शनवर बसणं, उपकरणं धुणं, सक्शन धरणं ही पगारी माणसाची कामं “शिकायला मिळतं” म्हणून फुकटात करू नका. वर्क परमिट नसताना ते अंगाशी येऊ शकतं. सेवाभावी कामासाठी वेगळी ठिकाणं आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकन डेंटल असोसिएशनचा ‘गिव्ह किड्स अ स्माइल’ हा लहान मुलांच्या मोफत तपासणीचा उपक्रम २००३ पासून फेब्रुवारीच्या सुमारास देशभर होतो आणि तिथे मदतीचे हात लागतात.

विषयांची साखळी

बहुतेक डेंटल कॉलेजं पुढचे विषय लॅबसकट मागतात : बायॉलॉजी ८ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे कोर्स मोजायचं एकक), जनरल केमिस्ट्री ८, ऑरगॅनिक केमिस्ट्री ८, फिजिक्स ८. झाले ३२. त्याशिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्रजी, आणि बऱ्याच ठिकाणी मायक्रोबायॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, संख्याशास्त्र यांपैकी काही. एकूण ४४ क्रेडिट धरून हिशेब करा.

यात अडकवते ती केमिस्ट्री. जनरल १ झाल्याशिवाय जनरल २ नाही, ती झाल्याशिवाय ऑरगॅनिक १ नाही, मग ऑरगॅनिक २, मग बायोकेमिस्ट्री. पाच कोर्स एकामागोमाग एक. बाकीचे विषय शेजारी शेजारी चालतात, हे चालत नाहीत. म्हणून वेळापत्रक करताना आधी केमिस्ट्री मांडायची आणि उरलेल्या जागेत बाकीचं बसवायचं.

नेहमीच्या वेगाने चित्र असं दिसतं. पहिल्या ऑगस्टला जनरल केमिस्ट्री १ आणि बायॉलॉजी १, जानेवारीत दोन्हींचा दुसरा भाग. दुसऱ्या ऑगस्टला ऑरगॅनिक १ आणि फिजिक्स १, जानेवारीत त्यांचा दुसरा भाग. मे-जूनमध्ये डॅट, म्हणजे डेंटल कॉलेजांची प्रवेश परीक्षा, जूनमध्ये अर्ज. तिसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्री आणि मायक्रो चालू असताना मुलाखती, डिसेंबरपासून निकाल, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी डेंटल कॉलेजचा पहिला दिवस. म्हणजे तीन वर्षं ही आणि चार वर्षं ती. न्यूयॉर्क राज्यात प्रॅक्टिस करायची असेल तर लायसन्ससाठी पदवीनंतर एक वर्षाची रेसिडेन्सी (देखरेखीखालचं प्रशिक्षण) सक्तीची आहे. न्यू जर्सीत तशी सक्ती नाही. घरच्यांना सांगताना “दोन वर्षांत होईल” असं सांगू नका, सात-आठ वर्षांचा आकडा पहिल्याच दिवशी सांगा. जोडीदाराने त्याला मनापासून हो म्हटलं तर पुढचं बरंच सोपं जातं.

उन्हाळ्यात कोर्स घेऊन काही महिने वाचवता येतात. फिजिक्स उन्हाळ्यात घ्यायला हरकत नाही. ऑरगॅनिक उन्हाळ्यात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पंधरा आठवड्यांचा विषय पाच-सहा आठवड्यांत कोंबलेला असतो, आठवड्यातून तीन-चार दिवस लॅब, आणि ऊर्ध्वपातनाचा रिपोर्ट लिहून होईपर्यंत पुढच्या प्रयोगाची पूर्वतयारी द्यायची वेळ येते. कित्येक वर्षांनी कॉलेजात आलेल्या माणसाला आधी अभ्यासाचीच सवय परत लावायची असते.

त्या सवयीत गणितही आलं. बहुतेक कॉलेजं जनरल केमिस्ट्रीआधी गणिताची चाचणी घेतात किंवा अमुक पातळीचा कोर्स मागतात. लॉगॅरिदम विसरलात तर पीएच समजत नाही, आणि घातांक विसरलात तर समतोल स्थिरांकाची गणितं सुटत नाहीत. महिनाभर आधी आपल्याच अकरावी-बारावीच्या गणिताची उजळणी करा.

आणि मार्क. डेंटल कॉलेजांचा एकत्रित अर्ज, ज्याला सगळे अ‍ॅडसॅस म्हणतात, तो अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक ग्रेड मोजतो. कोर्स पुन्हा केला तर जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात. म्हणून नोकरी करत असाल तर एका सेमिस्टरला लॅबवाले दोनच विषय घ्या. पहिल्या मिडटर्मनंतर गाडी रुळावरून घसरते आहे असं दिसलं तर प्रोफेसरांशी बोला आणि कोर्स सोडण्याची शेवटची तारीख चुकवू नका. ट्रान्सक्रिप्टवरचा एखादा ‘डब्ल्यू’ (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) समजावून सांगता येतो, सी आणि डीची रांग समजावणं कठीण जातं.

भारतातल्या पदवीचं काय

ती फुकट जात नाही, पण तिच्यावर सगळं भागतही नाही. मुंबई, पुणे, नागपूर, जे विद्यापीठ असेल तिथून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवून वेस किंवा ईसीई अशा संस्थेकडून कोर्सवार मूल्यांकन करून घ्या. विद्यापीठाकडून कागद निघायला वेळ लागतो, त्यामुळे भारतात फेरी होणार असेल तर हे काम यादीत सर्वांत वर ठेवा. तीन वर्षांच्या पदवीला कधी कधी इथली पूर्ण पदवी न धरता तीन वर्षांचं कॉलेज शिक्षण धरतात. बीएस्सीत केमिस्ट्री होती, मग परत कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक डेंटल कॉलेजांना विज्ञानाचे विषय इथल्या कॉलेजात केलेले हवे असतात, आणि परदेशातले मार्क अ‍ॅडसॅसच्या जीपीएत धरले जात नाहीत. शिवाय शिफारसपत्रं देणारे विज्ञानाचे दोन प्रोफेसर इथेच भेटणार आहेत.

हडसनच्या अलीकडे की पलीकडे

आपली माणसं न्यूयॉर्कला येतात म्हणजे पुष्कळदा जर्सी सिटी, एडिसन, आयसलिन इथे येतात. जर्नल स्क्वेअरला किराणा, पोळी-भाजी, देऊळ सगळं हाकेच्या अंतरावर, आणि पाथ ट्रेनने मॅनहॅटन जवळ. राहायला छान. पण प्री-डेंटलवाल्याने हडसन नदीची बाजू, न्यूयॉर्क की न्यू जर्सी, विचार करूनच निवडावी, कारण तिच्यावरून दोन गोष्टी ठरतात : आत्ताच्या कोर्सची फी आणि पुढे कुठल्या सरकारी डेंटल कॉलेजात तुम्ही “घरचे” ठरता.

न्यूयॉर्क शहराचं सरकारी विद्यापीठ म्हणजे क्युनी. हंटर, सिटी कॉलेज, क्वीन्स कॉलेज, ब्रुकलिन कॉलेज ही त्याची मोठी कॉलेजं. तिथे राज्याच्या रहिवाशाला पदवी पातळीवर पार्ट-टाइम शिकताना एका क्रेडिटला ३०५ डॉलर पडतात आणि बाहेरच्याला ६२०. आपल्या ४४ क्रेडिटचा हिशेब केला तर रहिवाशाला १३,४२०, बाहेरच्याला २७,२८०. जर्सी सिटीहून पाथने येणारा क्युनीच्या लेखी बाहेरचाच. न्यूयॉर्कचा रहिवासी ठरायला वर्ग सुरू होण्याआधी बारा महिने राज्यात राहिल्याचे पुरावे लागतात : लीज, राज्याचं ओळखपत्र, राज्याचा टॅक्स रिटर्न, बँकेचं पत्त्यासह स्टेटमेंट. फक्त शिकायला आलो आहोत असं कागदांवरून दिसलं तर शंका घेतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच पत्ता सगळीकडे बदलून घ्या. नाव घालताना ‘नॉन-डिग्री’ आणि ‘दुसरी पदवी’ या दोन रकान्यांत फरक आहे हेही लक्षात ठेवा. नॉन-डिग्रीचा दर जास्त असतो.

जर्सीत राहत असाल तर तिथलीच कॉलेजं बघा. जर्नल स्क्वेअरलाच हडसन काउंटी कम्युनिटी कॉलेज आहे, एडिसनला मिडलसेक्स कॉलेज आहे. कम्युनिटी कॉलेजात आपल्या काउंटीच्या रहिवाशाला सर्वांत कमी दर, शेजारच्या काउंटीला जास्त, दुसऱ्या राज्याला त्याहून जास्त.

आता पुढचं. न्यू जर्सीत डेंटल कॉलेज एकच, नेवार्कचं रटगर्स, आणि ते सरकारी आहे. न्यूयॉर्क राज्यात सरकारी दोन, स्टोनी ब्रुक आणि बफेलो. खाजगींत कोलंबिया, एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) आणि टूरो. सरकारी कॉलेजात रहिवाशाला आणि बाहेरच्याला लागणाऱ्या फीमध्ये वर्षाला हजारो डॉलरचा फरक असतो, आणि जागा देतानाही राज्यातल्या अर्जदारांना झुकतं माप मिळतं. एनवाययूला तुम्ही कुठले आहात याने फीत फरक पडत नाही. म्हणून आज जर्सीत राहणं म्हणजे तीन वर्षांनी रटगर्सच्या दारात घरचा म्हणून उभं राहणं, आणि क्वीन्समध्ये राहणं म्हणजे स्टोनी ब्रुकच्या.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं सेमिस्टर, जमलं तर पहिलं वर्ष, आहात तिथेच करा. ओहायोत असा नाहीतर टेक्सासात, जवळच्या कॉलेजात जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी उरका. स्वस्तात कळेल की लॅब झेपते का, आणि न्यूयॉर्कच्या भाड्यात केमिस्ट्रीची पहिली पायरी चढावी लागणार नाही. जोडीदाराची बदली ठरलेलीच असेल तर गोष्ट वेगळी. मग एकाने आधी जाऊन पत्ता पक्का करण्याचा काही उपयोग नाही. रहिवास शिकणाऱ्याचा मोजतात, म्हणून शिकणाऱ्यानेच लवकर हलावं.

कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट चालतात का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पुष्कळ ठिकाणी चालतात, काही ठिकाणी मर्यादेत, काही ठिकाणी नाक मुरडून. जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी तिथे केली तरी ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री चार वर्षांच्या कॉलेजात केलेली बरी दिसते. ऑनलाइन लॅबबद्दल तर आपल्याला हव्या असलेल्या प्रत्येक डेंटल कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा.

कोलंबियासारख्या ठिकाणी पोस्ट-बॅक नावाचा खास अभ्यासक्रम असतो. सल्लागार, अभ्यासगट, समितीचं शिफारसपत्र, सगळं एका छताखाली. पण एका क्रेडिटला दोन हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. ज्याला शिस्त आहे आणि ईमेल लिहायचा कंटाळा नाही त्याचं काम क्युनीत होतं. तिथले विज्ञानाचे प्रोफेसर तितकेच कसून शिकवतात.

पैसा

आत्ता वाचवलेल्या डॉलरची किंमत डेंटल कॉलेजात कळते. खाजगी कॉलेजात फी, उपकरणं आणि न्यूयॉर्कचा राहण्याचा खर्च धरून चार वर्षांचा आकडा पाच लाख डॉलरच्या पुढे जातो. पूर्वी ग्रॅड प्लस नावाच्या सरकारी कर्जातून हा सगळा खर्च निघायचा. २०२५ च्या कायद्याने ते दार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केलं. व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्जाची मर्यादा आता वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. वरचं सगळं खाजगी कर्ज, बचत किंवा जोडीदाराच्या पगारातून. त्यामुळेच राज्याच्या सरकारी कॉलेजचं महत्त्व पूर्वीपेक्षा खूप वाढलंय, आणि त्यामुळेच मी वर नदीच्या बाजूवर इतकी शाई घालवली.

प्री-डेंटलसाठीही सरकारी कर्ज मिळतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. ज्याच्याकडे पदवी आहे आणि जो पुढच्या व्यावसायिक कोर्सच्या तयारीचे विषय घेतोय, त्याला सलग बारा महिन्यांसाठी हे कर्ज मिळू शकतं, किमान अर्ध्या वेळेची नोंदणी असेल तर. पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मात्र पदवीधराला मिळत नाही. बारा महिन्यांचीच मुभा असल्यामुळे ती ऑरगॅनिकच्या वर्षासाठी राखून ठेवावी, कारण नोकरीचे तास कमी करायची वेळ तेव्हाच येते. फॅफ्सा, म्हणजे या सरकारी मदतीचा अर्ज, भरायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. सैन्याची एचपीएसपी शिष्यवृत्ती पूर्ण फी देते आणि बदल्यात सेवेची वर्षं मागते, पण ती फक्त नागरिकांसाठी.

नोकरी सोडण्याआधी आरोग्य विमा कुणाच्या नावावर आहे ते बघा. लहान मूल असेल तर न्यूयॉर्क शहरात तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी थ्री-के आणि प्री-के हे मोफत वर्ग आहेत, आणि क्युनीच्या बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर असतं. त्याची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेश मिळाला त्याच दिवशी नाव घाला.

व्हिसा

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, अर्धवेळही शिकता येतं, आणि साधारणपणे रहिवासाचा दरही मिळू शकतो. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, मात्र पूर्णवेळ शिकावं लागतं आणि रहिवासी दर मिळत नाही. संध्याकाळी दोन कोर्स घेऊन नोकरी सांभाळण्याचा मार्ग तिथे बंदच. ग्रीन कार्ड नसलेल्यांना काही सरकारी डेंटल कॉलेजं घेतच नाहीत. अर्जाची यादी करताना हा रकाना सर्वांत आधी भरा, नाहीतर जिथे दार उघडणारच नाही तिथे फी भरून बसाल.

घर

न्यूयॉर्कमध्ये घरमालक साधारण असा नियम लावतात : वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीस पट हवं. भाडं ३,००० असेल तर उत्पन्न १,२०,०००. तेवढं नसेल तर हमीदार लागतो आणि त्याचं उत्पन्न ऐंशी पट बघतात. बहुतेकांकडे असा मामा-काका न्यूयॉर्कच्या आसपास नसतो. मग पैसे घेऊन हमी देणाऱ्या कंपन्या आहेत, किंवा दोघं-तिघं मिळून लीज घेतात आणि उत्पन्नाची बेरीज दाखवतात. नोकरी सोडायची असेल तर लीज आधी करा, राजीनामा नंतर द्या.

कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच आहे. २०१९ पासून डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि अर्जाची-तपासणीची फी २० डॉलरच्या वर नाही. ११ जून २०२५ पासून शहरात ब्रोकरचे पैसे ज्याने ब्रोकर नेमला त्याने द्यायचे. घरमालकाच्या ब्रोकरने तुमच्याकडे पंधरा टक्के मागितले तर ‘फेअर अ‍ॅक्ट’ हे दोन शब्द उच्चारायचे. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि लीज हातात आल्याशिवाय झेलवर (बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय) एक डॉलरही पाठवू नका, समोरचा कितीही गोड मराठी बोलत असला तरी.

भाडी मे ते सप्टेंबर चढलेली असतात, थंडीत उतरतात. क्युनीचं वसंत सेमिस्टर जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, म्हणून डिसेंबरात घर शोधणाऱ्याला दोन्हीकडून बरं पडतं. मोठ्या कॉलेजांत जनरल केमिस्ट्री १ जानेवारीतही सुरू होते. छोट्या गावातल्या कॉलेजात ती बहुधा ऑगस्टशिवाय मिळत नाही. महागड्या शहराचा हा एक खरा फायदा.

घर आणि लॅब यांमधलं अंतर नकाशावर न मोजता रात्री दहा वाजता मोजा. संध्याकाळची लॅब सुटते तेव्हा कुठली ट्रेन किती वेळाने आहे ते बघा. जॅक्सन हाइट्सहून हंटरला जायचं तर ई ट्रेनने लेक्सिंग्टन–५३, तिथून ६ नंबरने ६८वा रस्ता. एकच गाडी बदलायची, आणि घराखाली ७४व्या रस्त्यावर भाजी-किराणा. फ्लशिंगला क्वीन्स कॉलेज जवळ, आणि बाउन स्ट्रीटच्या गणपती मंदिराच्या तळघरात रविवारी डोसा. एडिसनहून मॅनहॅटनला रोज लॅबसाठी जाणं मी कोणालाच सुचवणार नाही. येण्या-जाण्याचे तीन तास ऑरगॅनिकच्या वहीतून वजा होतात.

डॅट

सव्वापाच तासांची संगणकावरची परीक्षा. विज्ञानाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत (बायॉलॉजी ४०, जनरल केमिस्ट्री ३०, ऑरगॅनिक ३०), आकृत्यांचे ९० प्रश्न ६० मिनिटांत, मग वाचन आणि गणित. फिजिक्स नाही. मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० या मापात येतात. जुन्या पुस्तकांतले आणि जुन्या सल्ल्यांतले १ ते ३० चे आकडे त्यामुळे गोंधळ करतात, तिकडे लक्ष देऊ नका.

आपल्याकडच्यांना घाम फुटतो तो आकृत्यांच्या भागात. खरं तर शाळेत स्कॉलरशिपच्या परीक्षेला बुद्धिमत्ता चाचणी ज्याने मन लावून सोडवली त्याला हे ओळखीचं वाटेल. कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, रचलेल्या ठोकळ्यांच्या किती बाजू रंगल्या, चार कोन लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. कोनांत फरक इतका कमी असतो की पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात. रोज वीस मिनिटं, दोन-तीन महिने. हे एका आठवड्यात घोकून येत नाही, पण डोळा तयार झाला की जातही नाही. परीक्षा ऑरगॅनिक २ संपल्यावर लगेच द्या, विषय ताजा असताना.

अर्ज

अ‍ॅडसॅस मे महिन्यात उघडतं आणि जूनपासून अर्ज स्वीकारतं. जागा येतील तशा भरत जातात, म्हणून जूनमधला अर्ज आणि ऑक्टोबरमधला अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या कॉलेजला अडीचशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकाला शंभराच्या वर फी लागते, शिवाय काही कॉलेजं स्वतःची वेगळी घेतात. दहा-बारा कॉलेजांसाठी दोन हजार डॉलर बाजूला ठेवा.

निवेदनाला ४,५०० अक्षरं मिळतात, जागा सोडलेली धरून. त्यात लहानपणापासून डेंटिस्ट व्हायचं होतं असं लिहू नका, तिशीतल्या माणसाचं ते खरं वाटत नाही. बँकेत, कारखान्यात, घरात जे केलं ते लिहा आणि खुर्चीशेजारी उभं राहून काय पाहिलं ते लिहा. हाताच्या कौशल्याबद्दल विचारतात तेव्हा रांगोळी, मेंदी, भरतकाम, तबला यांचा उल्लेख संकोच न करता करा. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे काय ते दोन ओळींत समजावून सांगा. शिफारसपत्रांसाठी प्रोफेसरांना सेमिस्टर संपताना विचारा, वर्षभराने नाही. मोठ्या वर्गात त्यांना तुमचा चेहरा आठवावा म्हणून ऑफिसच्या वेळेत आधीपासून जात राहा.

डिसेंबरात प्रवेशाची पत्रं यायला लागतात आणि जागा राखायला थोड्याच दिवसांत पैसे भरावे लागतात, तेव्हा ती रक्कम खात्यात असू द्या. घराची लीज नव्याने करायची वेळ त्याच हिवाळ्यात येते. बफेलोला किंवा आणखी कुठे जागा मिळाली तर उन्हाळ्यात निघावं लागेल, म्हणून पूर्ण वर्षाची लीज करण्याऐवजी जुलैअखेरपर्यंतची मागून बघा. नाहीच मिळाली तर इमारतीत चार किंवा जास्त घरं असल्यास घरमालकाची लेखी परवानगी मागून घर पोटभाड्याने देता येतं, आणि सबळ कारण नसताना तो नाही म्हणू शकत नाही. ही विनंती सर्टिफाइड मेलने, पोचपावती मागून, पाठवा आणि पावती फाइलला लावा.